काचेतील समुद्राचा जमाखर्च

नव्या घराच्या दिवाणखान्यात मत्स्यालय असावे, ही हौस आता केवळ महानगरांपुरती राहिलेली नाही. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वनजिल्ह्यांतही ती पोहोचू शकते. गोड्या पाण्याच्या साध्या टाकीवर समाधान न मानता, खाऱ्या पाण्यातील रंगीत मासे आणि प्रवाळ घरी आणण्याची इच्छा मुले व्यक्त करतात. तेव्हा वडीलधाऱ्यांपुढे पहिला प्रश्न खर्चाचा उभा राहतो. वास्तविक त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : या पाण्यात दररोज काय जमा होणार आणि ते कोणत्या वाटेने बाहेर जाणार? व्यापारी कुटुंबाला हा हिशेब समजण्यास अवघड नाही.

आरंभ पाण्यापासून करावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टाकीसाठी सुमारे सात किलो क्षार मोजून विरघळवावे लागतात. त्यासाठी खास मिश्रण मिळते, स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मूळ पाणीही नळाचे किंवा विंधन विहिरीचे घेऊन भागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आरओ यंत्रातून काढलेले पाणीच वापरावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी आपण तांब्याचे भांडे श्रेष्ठ मानतो. परंतु प्रवाळ, कोळंबी, शंख-शिंपले यांना तांब्याचा अल्प अंशही विषासमान ठरतो. उन्हाळ्यात टाकीतील पाणी झपाट्याने आटते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून आटलेले पाणी भरून काढताना त्यात गोडे पाणीच घालावयाचे असते. तेथे खारे पाणी घातल्यास क्षारता दिवसेंदिवस वाढत जाते आणि वरवर निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात जीव गुदमरू लागतो.

आता शुद्धीकरण. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. तो अत्यल्प प्रमाणातही घातक असतो. ‘फिल्टर बसविला की पाणी स्वच्छ’ ही समजूत येथे उपयोगी पडत नाही, कारण कापसाची किंवा स्पंजाची गाळणी कचरा अडविते, पाण्यात विरघळलेला अमोनिया तिच्यातून सहज पार होतो. हे काम जीवाणू करतात. सच्छिद्र दगडांच्या पृष्ठभागावर वसलेले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे तुलनेने सौम्य असते. दगडाच्या आत, जेथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही, तेथे तिसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटमधील नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करतात. ही वस्ती दगडांवर स्थिर होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणून त्याच दिवशी मासे सोडणारे हा काळच वगळतात आणि त्याची किंमत माशांना मोजावी लागते.

जो मळ अमोनिया होण्यापूर्वीच काढून टाकता येतो, त्यासाठी खाऱ्या पाण्यात एक सुंदर युक्ती वापरतात. साखरेचा पाक करताना थोडे दूध घातले म्हणजे मळी फेसासह वर येते आणि झाऱ्याने काढता येते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. प्रोटीन स्किमर नावाचे उपकरण जवळपास असेच काम करते. उभ्या नळकांड्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. पाण्यातील सेंद्रिय मळ त्यांना चिकटून वर चढतो आणि वरच्या पेल्यात तपकिरी फेस होऊन साचतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अधिक बारीक राहतात, म्हणून ही युक्ती तेथे साधते. गोड्या पाण्याच्या टाकीत ती सहसा निष्फळ ठरते.

परंतु जीवाणू असोत वा स्किमर, पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. हे अभिसरण समजण्यासाठी नागभीड, सिंदेवाही किंवा गडचिरोलीकडील माजी मालगुजारी तलाव आठवावेत. तलाव भरला की जादा पाणी पाळीवरून न फुटता सलंगातून शांतपणे खाली जाते. मत्स्यालयातही वरच्या कडेला असेच सलंग ठेवतात. त्यावरून पडणारे पाणी खालच्या कपाटातील दुसऱ्या टाकीत उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर येते. ताशी तीन ते पाच वेळा सर्व पाणी या फेऱ्यातून जावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. याखेरीज मुख्य टाकीत स्वतंत्र पंपांनी लाटा निर्माण कराव्या लागतात. मासा अन्नाकडे पोहत जातो. प्रवाळ मात्र खडकाला जखडलेला प्राणी आहे. त्याचे अन्न आणि प्राणवायू प्रवाहच आणून देतो व त्याच्या अंगावरील मळही प्रवाहच वाहून नेतो. मालवणच्या किनाऱ्यावर हे काम भरती-ओहोटी विनामूल्य करते. दिवाणखान्यात ते विजेवर चालते.

चंद्रपूरची खरी कसोटी येथेच लागते. बहुतेक प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांपर्यंत चढतो. प्रवाळाच्या देहात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवीत असते. पाणी फार तापले की प्रवाळ त्याला बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि तशाच स्थितीत राहिल्यास उपासमारीने मरतो. म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र येथे अनिवार्य ठरते. शिवाय पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. अशा दुपारी वीज गेली तर अभिसरण थांबते आणि काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात. झाकलेल्या फिल्टरमधील जीवाणूही प्राणवायूविना मरू लागतात. २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उशाशी असले, तरी वादळाने तुटलेली तार घरातील पंप बंदच पाडते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल, तर अशी टाकी लावूच नये. पंप थांबल्यावर वरचे काही पाणी खाली उतरते. ते मावेल इतकी जागाही खालच्या टाकीत रिकामी ठेवावी लागते.

कायद्याची बाजूही नीट पाहावी. प्रवाळ उभारणाऱ्या कठीण प्रवाळांच्या सर्व जाती, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. भारतीय समुद्रातून ते काढणे वा विकणे गुन्हा आहे. १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य अशाच जीवसृष्टीसाठी आहे. ‘जिवंत खडक’ म्हणून विकला जाणारा दगडही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड मिळतात; जीवाणूंना तेही चालतात.

श्रावकाच्या दृष्टीने आणखी एक हिशेब उरतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ पहिला आणि ‘अन्नपाननिरोध’ शेवटचा आहे. जीवाला कोंडणे हा दोष. कोंडल्यानंतर त्याच्या अन्नपाण्यात खंड पाडणे हा त्यावरचा दुसरा दोष. प्रवाळांत राहणाऱ्या अनेक माशांचे खाद्य गोठविलेली बारीक कोळंबी हे असते, ही गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही. पाणी गाळल्यानंतर जिवाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची काळजी ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या घेतली, त्या घराने या प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वीच शोधावीत.

ज्यांना हे सारे जाणूनही शास्त्र म्हणून त्याचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे. टाकी, दगड, क्षार आणि पंप एवढेच आणावे. मासा किंवा प्रवाळ आणू नये. एक संपूर्ण मे महिना ती तशीच चालवावी. मुलांनी दिवसातून दोनदा तापमान व क्षारता वहीत नोंदवावी, वीज किती वेळा आणि किती वेळ गेली ते लिहावे, विजेचे बिल शेजारी मांडावे. महिनाअखेरीस ती वहीच उत्तर देईल. नकार मिळाला, तर हानी केवळ पैशांची होईल.

अशी वही ठेवणाऱ्या मुलांना मग शहरातील गोंडकालीन रामाळा तलावाकडे न्यावे. सांडपाण्याबरोबर आलेले नायट्रोजन व फॉस्फरस तेथे जमेस पडत राहिले आणि खर्चाची वाट अपुरी ठरली; त्या शिलकेवरच जलपर्णी माजते आणि पाण्याचा हवेशी संबंध तोडते. या तलावासाठी ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे यांनी २०२१ साली अन्नत्याग सत्याग्रह केला होता. काचेच्या टाकीचा हिशेब ज्याला समजला, त्याला या तलावाचे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि तेथील पाण्यासाठी केलेले श्रम कोणत्याही जीवाला कोंडून ठेवीत नाहीत.