एक रुपयाची पुडी आणि केस धुण्याची वडी

शाम्पूवरील वस्तू आणि सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. केशतेल, टूथपेस्ट आणि आंघोळीच्या साबणाची वडी यांनाही तीच सवलत मिळाली. महागाईच्या अंगाने या निर्णयाची पुष्कळ चर्चा झाली. त्याची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. गेली काही वर्षे शहरांतून, आणि आपल्या गोव्यात किनारपट्टीवरच्या दुकानांतूनही, द्रवरूप शाम्पू सोडून घन वडीने केस धुण्याचा आग्रह धरला जात आहे. बाटली नको म्हणजे प्लास्टिक नको, हे त्यामागचे साधे गणित. द्रव शाम्पूच स्वस्त झाल्यावर ते गणित कितपत टिकते, हे पाहायचे तर पणजी-म्हापशाच्या बाजारापेक्षा तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा अधिक उपयोगी ठरावा.

पैनगंगेच्या एका तीरावर यवतमाळ, दुसऱ्या तीरावर आदिलाबाद. बेला, जैनद, भीमपूर या भागांत मराठी घराघरांत बोलली जाते. इंद्रवेल्ली-उटनूरकडे गेले की गोंडी आणि कोलामी कानी पडते. जिल्हा कापसाचा आणि जंगलाचा. रिठा आणि शिकेकाई या जंगलपट्ट्यातील लोकांच्या ओळखीच्या. तेलुगूत रिठ्याला ‘कुंकुडुकाय’ म्हणतात. त्याच गावांतील किराणा दुकानांच्या दारांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. ज्या बदलाची शहरांत आज नव्याने जाहिरात होते, त्याच्या नेमक्या उलट दिशेचा प्रवास या गावांनी गेल्या तीन-चार दशकांत केला आहे.

त्या प्रवासाचा आरंभ तमिळनाडूतील कडलूरचा. चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली; त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू करून ‘चिक’ शाम्पू ग्रामीण दक्षिणेत पोहोचवला. पुढे पुडीची किंमत एक रुपया, काही काळ तर पन्नास पैसेही होती. बड्या कंपन्यांना याच वाटेने जावे लागले. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला शंभर रुपयांची बाटली परवडत नाही. आठवड्याच्या बाजारात एक रुपया मात्र सहज सुटतो. या पुडीला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे की, शिकेकाई कुटण्या-भिजवण्याच्या कामातून तिने बायकांची सुटका केली.

घन वडीचा शोध आपल्याकडे परदेशी फॅशन म्हणून सांगितला जातो. इंग्लंडमधील ‘लश’ कंपनीच्या मो कॉन्स्टंटाइन आणि रसायनतज्ज्ञ स्टॅन क्रिस्टल यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आजच्या धर्तीची शाम्पू-वडी तयार केली, हे खरे. पण स्वस्तिक किंवा गोदरेजचा शिकेकाई साबण ज्यांच्या न्हाणीघरात होता, त्या पिढीला केसांसाठी वेगळी वडी असते हे कोणी शिकवायला नको. (‘शाम्पू’ हा शब्दही मूळचा आपलाच, ‘चांपणे’ या क्रियेतून इंग्रजीत गेलेला.)

येथे एक तांत्रिक फरक समजून घेणे अगत्याचे आहे. शिकेकाई साबण हा अखेर साबणच. त्याची आम्लारी पातळी सामान्यतः ९ ते १० असते, तर टाळूची त्वचा ५.५च्या आसपास. शिवाय पाणी दुष्फेन असेल तर त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि केस राठ, निस्तेज दिसतात. कूपनलिकेच्या जड पाण्यावर न्हाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आजची शाम्पू-वडी साबणाची नसते. शाम्पूतील कृत्रिम फेसकारी द्रव्येच तिच्यात पाण्यावाचून दाबून बसवलेली असतात, म्हणून ती जड पाण्यातही चालते. रिठ्यातील सॅपोनिनही कॅल्शियमला फारसे जुमानत नाही. दुकानात ‘हँडमेड’ म्हणून मिळणारी प्रत्येक वडी मात्र या दुसऱ्या प्रकारची नसते. साबणालाच शाम्पूचे नाव देऊन विकल्याने कित्येक ग्राहक पहिल्या महिन्यातच निराश होऊन बाटलीकडे परततात.

आता किमतीकडे वळू. द्रव शाम्पूत साधारण ७० ते ८० टक्के पाणीच असते. ते पाणी बाटलीत भरून ट्रकने शेकडो मैल हलवणे हा अपव्यय आहेच. पण समजा ८० ग्रॅमची वडी ४०० रुपयांना मिळाली आणि ती ६० वेळा पुरली, तर एका न्हाण्याला साडेसहा रुपयांहून अधिक पडतात. महागड्या बाटलीशी तुलना केली तर हा सौदा बरा. एक रुपयाच्या पुडीशी केली तर तो सहापट महाग. करातील घट पूर्णपणे ग्राहकाकडे गेली तर एक रुपयाच्या पुडीचा हिशेब ८९ पैशांवर येतो. ‘वडी स्वस्त पडते’ हे विधान पणजीतील एका ग्राहकवर्गापुरते खरे आहे. आदिलाबादच्या वाडीवर ते सांगणे ही थट्टा ठरेल.

पुडीची खरी किंमत दुकानात चुकती होत नाही. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेली ही पुडी भंगारवाला उचलत नाही, कारण तिला भावच नाही. ती नाल्यात जाते, शेताच्या बांधावर पडते किंवा चुलीत जळते. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करण्याचे ठरवले होते. २०१८च्या दुरुस्तीत ‘ऊर्जानिर्मितीस अयोग्य किंवा अन्य उपयोग नसलेले’ अशी पुस्ती जोडून तो नियम पोकळ केला गेला. १ जुलै २०२२च्या एकल-वापर प्लास्टिकबंदीतूनही शाम्पूची पुडी सुटली. गुटख्याची प्लास्टिक पुडी मात्र २०११ पासूनच बंद आहे. म्हणजे पुडीवर बंदी घालता येते, ती कोणाची यावर सारे अवलंबून. आपल्याकडे गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आणि बहुस्तरीय वेष्टनेही तिच्या कक्षेत घेतली. परंतु बाटली परत आणून देणारा माणूस बोटाएवढी पुडी जपून आणील काय, ही शंका राहतेच.

आदिलाबादेत यावर एक मार्ग दिसतो. उटनूरच्या आदिवासी महिलांच्या सहकारी संघाने मोहाच्या फुलांचे लाडू करून बाजारात आणले; जिल्ह्यातील मोहाच्या पदार्थांचा उल्लेख ३० मार्च २०२५च्या ‘मन की बात’मध्ये झाला. गिरिजन सहकारी महामंडळ जंगलातील गौण उपज विकत घेते, मध आणि साबणही विकते. कच्चा रिठा किलोच्या भावाने बाहेर जाण्याऐवजी त्याची वडी येथेच झाली, तर वेचणाऱ्या बाईच्या पदरी चार पैसे जास्त पडतील. अडचण अशी की लाडूला अन्नसुरक्षेची नोंदणी पुरते, केस धुण्याच्या वडीला २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादन-परवाना काढावा लागतो. तज्ज्ञ आणि तपासणीची सोय ही गटाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. ती शासनालाच उभी करावी लागेल.

आणि ग्राहक? तो तयार आहे. तेलंगण सरकारने २०२४ च्या अखेरीस वसतिगृहांतील विद्यार्थ्यांचा प्रसाधन-भत्ता तब्बल २०० टक्क्यांनी वाढवला. तेल, साबण, शाम्पू यांसाठीच हा पैसा असतो, आणि आदिलाबादेत आदिवासी आश्रमशाळांची संख्या लहान नाही. या पैशाचा काही भाग जिल्ह्यातच केलेल्या, वीस-पंचवीस ग्रॅमच्या, कागदात गुंडाळलेल्या वडीकडे वळवला तर पहिल्या वर्षाची मागणी जाहिरातीवाचून मिळते. पावसाळ्यात ओल्या न्हाणीघरात वडी विरघळते, म्हणून निथळणारी डबी सोबत द्यावी लागेल; प्रत्येक मुलीची वडी वेगळी हवी. मोठे केस धुवायला वडी पुरेशी पडते का, हे मुलींनाच विचारावे. एका आश्रमशाळेत तीन महिने वापरून पाहायला फार खर्च येणार नाही.