गाडी पळेल कशी, यापेक्षा थांबेल कशी?



विजेवर चालणारी घरगुती सायकल किंवा लहानसा गाडा हा आता विज्ञान-प्रदर्शनांतला ओळखीचा प्रयोग झाला आहे. जुनी सायकल, मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर नावाची ॲल्युमिनियमची एक पेटी, एवढ्या साहित्यावर गाडी उभी राहते. पाहणारे दोन प्रश्न हमखास विचारतात: वेग किती? आणि एकदा चार्ज केल्यावर जाते किती? तिसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो असा, की या पेटीत बिघाड झाला तर गाडी काय करील? आमच्या मते कंट्रोलरची निवड याच प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे.

आधी कंट्रोलर लागतो कशाला ते पाहू. कार्बन ब्रशची साधी मोटर फिरू लागली, की तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचा विद्युत्दाब निर्माण होतो आणि तो प्रवाहाला आवर घालतो. मोटर स्थिर असताना हा आवर नसतो. समजा, वेटोळ्यांचा रोध ०.२ ओहम आणि बॅटरी ४८ व्होल्टची आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह ४८ ÷ ०.२ = २४० अँपिअर! बॅटरीचा आणि तारांचा रोध धरला तर हा आकडा उतरेल, तरीही वेटोळी करपवायला तो पुरेसा आहे.

ही अडचण जुनीच आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी १५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर धावली. दिष्ट प्रवाहाच्या त्या जुन्या गाड्यांत सुरुवातीला मोटरशी मोठाले रोधक जोडत आणि वेग वाढेल तसतसे ते वगळत. त्यात बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. आजचा कंट्रोलर हेच काम मॉस्फेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने करतो. हा स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. चालू राहण्याचा काळ निम्मा ठेवला, तर मोटरला सरासरी निम्मा दाब मिळतो.

आता खरी मेख इथेच आहे. मॉस्फेट जळतो तेव्हा तो पुष्कळदा 'बंद' न होता 'चालू' स्थितीतच अडकतो. ब्रशच्या मोटरच्या साध्या कंट्रोलरमध्ये असे झाले, तर बॅटरीचा पूर्ण दाब मोटरला मिळतो. मूठ सोडली तरी गाडी धावतच राहते. ब्रश नसलेल्या मोटरची गोष्ट वेगळी आहे. तिच्या कंट्रोलरमध्ये स्विचांच्या तीन जोड्या असतात आणि त्या ठरावीक क्रमाने चालू-बंद झाल्या तरच चाक फिरते. एक स्विच अडकला तर चाक आपोआप पळत सुटत नाही, उलट जड होते. म्हणून पहिली गाडी करणाऱ्याने ब्रश नसलेली मोटर आणि तिचाच कंट्रोलर घ्यावा, असे आमचे मत आहे. ब्रशचीच मोटर हाताशी असेल, तर बॅटरीची तार हाताने तोडता येईल असा दणकट मुख्य स्विच बसवल्याशिवाय गाडीवर बसू नये.

दुसरा बिघाड वेग वाढवणाऱ्या मुठीचा. मुठीतून साधारणपणे तीन तारा निघतात: एक ५ व्होल्टची, एक ऋण टोकाची आणि तिसरी संदेशाची. मूठ पिळली की संदेशाचा दाब सुमारे १ व्होल्टपासून ४ व्होल्टपर्यंत चढतो. ऋण टोकाची तार तुटली, तर संदेश ५ व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो आणि भोळ्या कंट्रोलरला वाटते, की चालकाने मूठ पूर्ण पिळली! चांगला कंट्रोलर एवढा दाब बिघाड समजून मोटर थांबवतो. तुमचा कंट्रोलर कोणत्या जातीचा आहे हे शिक्षकांच्या देखरेखीखाली, चाक जमिनीपासून उचलून आणि मुख्य स्विचवर हात ठेवून तपासता येईल. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी तार ज्या कंट्रोलरला नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग कंट्रोलर किती अँपिअरचा घ्यावा? येथे अंदाज नको, गणित करा. गाडी आणि चालक मिळून ९० किलोग्रॅम, आणि चढ दहा मीटरला एक मीटर असा धरा. चढासाठी ९० × ९.८ × ०.१ = सुमारे ८८ न्यूटन बल लागेल. चाकांच्या घर्षणासाठी १२ न्यूटन धरले तर एकूण १०० न्यूटन. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. म्हणून शक्ती २८० वॅट. मोटर आणि कंट्रोलरची कार्यक्षमता चढावर ६५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे ४३० वॅट, म्हणजे ४८ व्होल्टला ९ अँपिअर प्रवाह लागेल. १५ अँपिअरचा कंट्रोलर यासाठी पुरेसा आहे. '४० अँपिअरचा घे, जोर येईल' हा सल्ला बॅटरीला महागात पडतो. बॅटरी १५ अँपिअरच देऊ शकत असेल, तर मोठा कंट्रोलर तिला ताणून गरम करील किंवा तिचे संरक्षक मंडल ऐन चढावर वीज तोडेल.

दाबाचेही तसेच. लिथियमचे १३ घट एकसरीत जोडलेली '४८ व्होल्ट'ची बॅटरी पूर्ण भरल्यावर १३ × ४.२ = ५४.६ व्होल्ट देते. कंट्रोलरने एवढा दाब सोसला पाहिजे, आणि बॅटरी फार उतरण्यापूर्वी तो आपणहून बंदही झाला पाहिजे. शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्यांसाठी ही मर्यादा साधारण ४२ व्होल्ट असते. फ्यूज बॅटरीच्या शेजारी असावा, म्हणजे पुढे कोठेही तारा एकमेकींना चिकटल्या तरी तो वितळेल.

कोणी म्हणेल, शाळेचा प्रयोग, वेग ताशी १५ किलोमीटर, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण हिशेब करा. त्या वेगाने जाणाऱ्या ९० किलोग्रॅमच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ७८० ज्यूल होते. तेवढेच वजन जवळजवळ ९० सेंटिमीटर उंचीवरून पडण्याइतकी ही ऊर्जा आहे. आणि प्रदर्शनात गाडीसमोर उभी असतात ती लहान मुले.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. घरी केलेली गाडी रस्त्यावर नेऊ देऊ नये, ती मैदानावरच चालवावी. आणि प्रयोगाला गुण देताना वेगाच्या आधी मुठीची तार काढून दाखवायला सांगावे. जिची तार काढताच मोटर शांत होते, ती गाडी स्पर्धेत हळू ठरली तरी पहिल्या क्रमांकाला पात्र समजावी.