फ्लॅशवाल्यांशी भांडण

लग्न, मुंज, बारसे, सत्यनारायण, प्रसंग कोणताही असो, फोटोग्राफर फोटो एकच काढतो. पुढे चुना फासल्यासारखे दहा चेहरे आणि मागे अमावास्या. खोलीत दोन ट्यूबलाइट असतात, समई असते, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दिव्यांची माळ असते. हा गृहस्थ फ्लॅश मारून सगळ्यांना एकदम विझवतो. वर पैसे घेतो.

हिशेब तर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला झेपेल असा आहे. फोटोत प्रकाशाची दोन खाती असतात, एक फ्लॅशचे आणि एक खोलीचे. फ्लॅशचा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात, कधी त्याहूनही लवकर, उरकतो. शटर पुढे किती वेळ उघडे राहिले याचे त्याला सोयरसुतक नाही. खोलीच्या खात्यात मात्र शटर उघडे असेपर्यंत भरणा चालू. (ॲपर्चर आणि आयएसओ दोन्ही खात्यांना लागू.) आता आयएसओ १००, एफ ८ आणि १/६० वर फ्लॅश मारला, तर ट्यूबलाइटच्या खोलीला तिच्या हक्काचा साधारण चौसष्टावा हिस्सा मिळतो. एवढ्यावर उंदीरही जगत नाही! तेच आयएसओ ४००, एफ ४ आणि १/१५ करा, फ्लॅशची ताकद उतरवा, तोंड छताकडे वळवा. छत पांढरे हवे, हे खरे. पोपटी ऑइलपेंट असेल तर नवरी पोपटी दिसेल, आणि कॉटन ग्रीनची मुलगी झाली म्हणून तिने इतके ग्रीन दिसू नये.

"फोटो हलेल हो साहेब!" म्हणतात. चेहरा फ्लॅश पकडून ठेवतो. मागचा पडदा जरा हलला तर हलू दे, तो काही आहेर घेऊन आलेला नाही. पूर्वी छत्तीस फोटोंच्या रोलची धास्ती होती, मान्य. आता तर काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसतो. तरी सवय तीच! आणि थेट मारलेला फ्लॅश दुप्पट अंतरावर चौथाई उरतो. म्हणजे पुढे उभा जावई भाजून निघतो आणि मागे खुर्चीतल्या आजीला चार आणे.

हे सगळे मी इतक्या तावातावाने सांगतो याला कारण आहे. मूळचे कॉटन ग्रीन फोर्टात होते. कापूसबाजार तिथून कुलाब्याला गेला, मग शिवडीच्या या बाजूला आला आणि नाव इथे चिकटले. इथली आमची चाळ पुनर्विकासात गेली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत झालेल्या समारंभांचे सात अल्बम घरात आहेत आणि सातांत मिळून खोली नाही. काका आहेत, काकांचा सफारी आहे, केळीच्या खांबाचे एक पान आहे. आईचा देव्हारा नाही. वडिलांनी रविवार खर्ची घालून ठोकलेली, कायम एका बाजूला कललेली फळीही नाही.

मुलगी विचारते, "आजोबांची फळी कुठं होती?"

मी अल्बममधल्या काळ्या चौकोनावर बोट ठेवतो. "ही इथं. काकांच्या कानामागे."