नवले पुलाचा उतार : दोष चालकाचा की बलांच्या बेरजेचा?

पुण्यातील नवले पुलाजवळ १३ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी साताऱ्याकडून मुंबईच्या दिशेने निघालेल्या कंटेनरने समोरच्या वाहनांना एकामागून एक धडका दिल्या. दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेल्या मोटारीने पेट घेतला आणि आठ जणांना प्राण गमवावे लागले. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना ठोकरले होते. अशा अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाले’ आणि ‘चालक बेफिकीर होता’ ही दोन स्पष्टीकरणे हमखास पुढे येतात. दोन्हींत तथ्य असू शकते. मात्र चालक बदलतात, वाहने बदलतात आणि अपघाताची जागा तीच राहते. याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रातील एका साध्या बेरजेत दडलेले आहे.

बलाला परिमाणाबरोबरच दिशाही असते. म्हणून दोन बले एकाच रेषेत नसतील, तर ती परस्परांना पूर्णपणे छेदू शकत नाहीत. वाहनाचे वजन सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे ओढते, तर रस्ता वाहनाला आपल्या पृष्ठभागाशी काटकोनात वर रेटतो. सपाट रस्त्यावर ही दोन्ही बले एकाच रेषेत असल्याने हिशेब शून्यावर मिटतो. उतारावर मात्र रस्त्याचा रेटा किंचित तिरका होतो आणि बेरजेत उताराच्या दिशेने जाणारे एक बल शिल्लक उरते.

उदाहरणादाखल ४० टनांचे वाहन आणि दर १०० मीटरला ४ मीटर उतार धरू. या वजनापैकी ३९.९७ टन रस्ता तोलून धरतो आणि १.६ टन उताराच्या दिशेने ओढत राहतात. साध्या गणितात ही बेरीज ४० पेक्षा जास्त भरेल. दिशा लक्षात घेऊन केलेली बेरीज बरोबर ४० येते. चाकांचे घर्षण वजा जाता सुमारे १.३ टनांची ओढ उरते. डोळ्यांना हा उतार जाणवतही नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

एवढ्या ओढीने काय होते? ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे हे वाहन न्यूट्रलमध्ये टाकून अवघा एक किलोमीटर मोकळे सोडले, तर हवेचा विरोध धरूनही त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पाचपट होते. नुसत्या ब्रेकच्या जोरावर वेग ४० वर रोखायचा, तर ब्रेकना सतत सुमारे १४० किलोवॉट उष्णता सोसावी लागते. दोन किलोवॉटचे ७० गिझर एकाच वेळी सुरू असावेत, तेवढी ही उष्णता. लांब उतारावर ब्रेक असे तापत गेले की त्यांची पकड सुटू लागते. ‘ब्रेक निकामी झाले’ हा पुष्कळदा अपघाताच्या साखळीतील शेवटचा दुवा असतो; पहिला दुवा उताराच्या माथ्यावर गिअर निवडताना जोडला गेलेला असतो.

खालच्या गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतःच चाकांना विरोध करते; न्यूट्रलमध्ये हा विरोध नाहीसा होतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची सवय म्हणूनच घातक आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या आजच्या इंजिनांत, वाहन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यास इंधनपुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचतही बहुतांशी भ्रामक असते. हे चालकांना सांगण्याची जबाबदारी डिझेलचा हिशेब मागणाऱ्या वाहनमालकांचीही आहे.

परंतु सारा भार चालकाच्या शिस्तीवर टाकून प्रश्न सुटणार नाही. वेगमर्यादेचे फलक आणि कॅमेरे नियम मोडणाऱ्याला धाक घालू शकतात. ज्याचे ब्रेक तापून निकामी झाले आहेत, त्याला थांबवू शकत नाहीत. त्या क्षणी वाहनाला विरुद्ध दिशेचे बल हवे असते आणि ते रस्त्यानेच पुरवावे लागते. मुख्य रस्त्यापासून फुटणारी, चढाची आणि सुट्या खडीने भरलेली आपत्कालीन मार्गिका नेमके हेच काम करते. चढावर वजनाचाच एक भाग मागे ओढू लागतो आणि खडी चाकांना रुतवते. दर १०० मीटरला १० मीटर चढ असलेल्या अशा मार्गिकेत ताशी ९० किलोमीटर वेगाचे वाहन साधारण ९० मीटरमध्ये थांबू शकते.

दाट वस्ती, सेवारस्ते आणि पायथ्याशी खोळंबणारी वाहतूक यांमुळे नवले पूल परिसरात अशी जागा काढणे सोपे नाही. तथापि उतार कमी करणे, स्थानिक वाहतूक वेगळी काढणे किंवा विरोधाची सोय करणे, यांपैकी कोणताही मार्ग निवडला तरी त्याची कसोटी एकच आहे : उताराच्या दिशेने शिल्लक राहणाऱ्या त्या दीड टनाला उत्तर मिळाले का? ते मिळेपर्यंत प्रत्येक अवजड वाहन ही ओढ सोबत घेऊनच पायथ्याकडे येत राहील.