पंचगंगेवर गळाला बसा, पण मासा कढईत टाकण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, नदीचा मासा खाल्ला तर चालतो का?" हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतं. पण दोन वेळा तो जास्त येतो. एकदा मृगाच्या पावसात चढणीचे मासे सुरू झाले की, आणि एकदा पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो मोबाईलवर फिरायला लागले की. विचारणारे बहुतेक स्वतः गळाला बसणारे असतात. त्यांना खरं तर "चालतो" हे एकच उत्तर हवं असतं. ते मी सरसकट देत नाही, आणि "नदीकडे फिरकूच नका" असंही सांगत नाही. का, ते आज जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. माशाचं नाव आपल्या गावाशी कुणी जोडत नाही. तरी संध्याकाळी पंचगंगा घाटावर, शिवाजी पुलाच्या आसपास किंवा राजाराम बंधाऱ्याकडे चक्कर मारा. बांबूची काठी, तंगूस, एक बूच, डब्यात गांडुळं नाहीतर कणकेचा गोळा, एवढ्या भांडवलावर तास-दोन तास निवांत बसलेली माणसं दिसतील. कुणी रिक्षावाला, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी फौंड्रीतून सुटून आलेला. आपल्याकडे अशा माणसाला रिकामटेकडा म्हणायची पद्धत आहे. मला ते अजिबात पटत नाही. दिवसभर डोक्यात चाललेला हिशेब थांबवून नजर एका बुचावर ठेवणं, हात स्थिर ठेवणं, वाट बघणं, यासाठी लोक शहरात पैसे भरून शिबिरं करतात. रक्तदाबाच्या आणि झोप न लागणाऱ्या काही पेशंटना मी संध्याकाळचा टीव्ही सोडून नदीकाठी जा असं सांगतो. त्यामुळे गोळी सुटत नाही, हे स्पष्ट सांगून ठेवतो. पण माणूस बरा दिसायला लागतो.

जपानमध्ये याच काठीचा मोठा मान आहे. तिथल्या डोंगरी ओढ्यांवर मासे धरणारे लोक लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी आणि पिसांचा-दोऱ्याचा बनवलेला खोटा किडा, एवढ्यावर मासेमारी करत. चाक नाही, रीळ नाही. या पद्धतीला तेंकारा म्हणतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती अमेरिका-युरोपात पसरली आणि तिथले लोक शहरातून वाहणाऱ्या नद्यांवर ट्राउट आणि ग्रेलिंग नावाचे मासे अशा काठीने धरतात. ते वाचून मला हसू आलं, कारण खोटा किडा सोडला तर आमचा रिक्षावाला दुसरं काय करतो? फरक काठीत नाहीच. फरक पाण्यात आहे.

तो समजून घ्यायला पाण्यातल्या प्राणवायूकडे बघावं लागतं. मासा कल्ल्यांमधून पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. दहा अंश तापमानाच्या थंड, स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणून ट्राउट आणि ग्रेलिंग आपल्या नदीत राहणं शक्य नाही, पाणी कितीही स्वच्छ असलं तरी. आपल्याकडचे मासे उबदार पाण्याला सरावलेले आहेत. पण त्यांनाही काही किमान लागतंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान पाच मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली आहे. नदीत मैला, मळी, कारखान्याचं सांडपाणी आलं की त्यावर जगणारे जिवाणू भराभर वाढतात आणि हा प्राणवायू संपवून टाकतात. मग मासे पृष्ठभागावर तोंड वर काढून धापा टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खच पडलेला दिसतो. तेरवाड बंधाऱ्याकडचं, शिरोळ तालुक्यातलं हे चित्र उन्हाळ्यात आपण अनेकदा पाहिलंय.

इथे एक गैरसमज दूर करतो. "मासं हायत म्हंजे पाणी बरं हाय की डॉक्टर," असं मला ऐकवलं जातं. कुठले मासे आहेत ते आधी बघा. मरळ आणि मांगूर हे वर येऊन थेट हवा घेऊ शकतात. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला मासा. घाण पाणी, कमी प्राणवायू, सगळं सोसतो. तुमच्या गळाला दिवसभर फक्त चिलापीच लागत असेल तर ती नदीच्या तब्येतीची खूण नाही, आजाराचं लक्षण आहे. उलट म्हातारे गळवाले जेव्हा सांगतात की पूर्वी इथे अमुक मासा मिळायचा, आता दिसत नाही, तेव्हा तो नदीचा जुना केसपेपर असतो. मी तो लक्ष देऊन ऐकतो.

आता खाण्याचं. माशातल्या धोक्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. पहिला जंतूंचा. सांडपाण्यातले जिवाणू, विषाणू, कृमींची अंडी माशाच्या अंगावर आणि आतड्यात असतात. हा धोका साफ करताना हात, विळी आणि शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीतून जास्त पसरतो. मासा पूर्ण शिजवला की तो जवळजवळ संपतो. दुसरा धोका रसायनांचा. पारा, शिसं यांसारखे जड धातू आणि काही कीटकनाशकं लहान जीवांतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात साठत जातात. हे उकळून जात नाही, तळून जात नाही, लिंबू-हळद लावून तर मुळीच जात नाही. म्हणून मोठा, म्हातारा, दुसरे मासे खाणारा मासा जास्त धोक्याचा आणि लहान मासा त्यातल्या त्यात बरा. काही विषारी द्रव्यं चरबीत आणि यकृतात साठतात, म्हणून आतडी-यकृत टाकून द्यावं, चरबी काढावी. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर पाऱ्याचा आणि शिशाचा परिणाम सगळ्यात वाईट होतो.

माझा सल्ला असा. प्रयाग चिखलीच्या संगमाच्या वर, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांच्या वरच्या अंगाला, कारखान्यापासून दूर मिळालेला ताजा मासा अधूनमधून खायला माझी हरकत नाही. जयंती नाला जिथे नदीला मिळतो तिथून खाली, इचलकरंजी आणि पुढे नृसिंहवाडीच्या संगमापर्यंतचा मासा नेहमीच्या जेवणात नको. गरोदर बाया, बाळाला पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांना तर तो देऊच नका. यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमच्या आज्ज्यापासनं खातोय, काय बी झालं न्हाई." आजोबांच्या वेळी नदीत रंगाचं पाणी नव्हतं, हा एक मुद्दा. आणि शिशाने कमी झालेली बुद्धी कुणाला दिसत नाही, हा दुसरा.

हे सगळं केबिनमध्ये बसून सांगणं सोपं आहे, आणि तिथेच मला त्रास होतो. ज्याच्या घरी आठवड्याला मटण शिजतं तो माझं ऐकतो, त्याचं काही बिघडत नाही. पण नदीकाठच्या वस्तीतल्या, वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबासाठी गळाला लागलेली दोन चिलापी हे आठवड्याचं एकमेव चांगलं प्रथिन असतं. शंभर ग्रॅम माशात साधारण अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही फुकट. त्या आईला "खाऊ नका" म्हणताना तिच्या ताटात मी दुसरं काही ठेवत नाही. नदी घाण केली तिने नाही, पथ्य मात्र तिने पाळायचं. म्हणून मला वाटतं, ही बाब पर्यावरणाच्या भाषणात न ठेवता आरोग्यखात्याच्या टेबलावर आणायला हवी. प्रदूषण मंडळ पाण्याचे नमुने घेतं, तसे माशाच्या मांसाचे नमुनेही नियमित घ्यावेत. कुठल्या पट्ट्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे घाटावर मराठीत मोठ्या अक्षरात लावावं. अमेरिकेत राज्याराज्यांत नदीनिहाय, माशानिहाय असे सल्ले दिले जातात. त्यात काही रॉकेटविद्या नाही.

नदी सुधारतच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी लंडनचं उदाहरण. १९५७ साली नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या अभ्यासकांनी थेम्स जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती. मैलाशुद्धीकरण सुधारल्यावर १९७४ मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. थेम्सला मिळणारी वँडल ही छोटी नदी तर आपल्या इचलकरंजीची बहीण शोभेल. तिच्या काठी कापड छपाईचे, रंगाईचे कारखाने होते. प्रसिद्ध विल्यम मॉरिसचाही होता. पुढे ती नदी गटार म्हणूनच ओळखली गेली. आज त्याच वँडलमध्ये शाळेतल्या मुलांनी अंड्यांपासून वाढवून सोडलेले ट्राउट पोहले आणि तेंकाराची काठी घेऊन लोक तिच्या काठाला उभे राहतात. कारखाने आणि नगरपालिका यांच्या सांडपाण्याला शिस्त लावली, एवढंच तिथे आधी झालं. आपण मात्र २०१२ साली इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ पाहिली. हिपॅटायटिस ई, म्हणजे पिण्याच्या पाण्यात मैला. माणसं दगावली, तरी मेलेल्या माशांच्या बातम्या संपलेल्या नाहीत.

या मेलेल्या माशांबद्दल जरा कडक बोलतो. खच पडला की पोती घेऊन लोकांची झुंबड उडते. अर्धमेला मासाही पकडला जातो आणि बाजारात विकलाही जातो. मासा कशाने मेला हे तुम्हाला माहीत नसतं: प्राणवायू संपून, विषारी रसायनाने, की कुणी मुद्दाम पाण्यात विष कालवून. विष किंवा स्फोटक वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ते चालतं. कोल्हापूरच्या उन्हात मेलेला मासा दोन तासांत सडायला लागतो. असा मासा फुकट मिळाला तरी घेऊ नका, मांजरालाही घालू नका.

आणखी एक. रोहू, कटला यांची पित्ताची पिशवी मधुमेहावर किंवा नजरेवर औषध म्हणून गिळायचा सल्ला अजूनही फिरतो. त्या पित्तातल्या विषाने एक-दोन दिवसांत उलट्या-जुलाब होऊन मूत्रपिंडं बंद पडतात, डायलिसिस करावं लागतं. शिजवल्यानेही ते विष जात नाही. कुणी काहीही सांगो, ती पिशवी न फोडता फेकून द्या.

गळवाल्यांनी स्वतःच्या अंगाचीही काळजी घ्यावी. तंगुसाला लावायचं शिसं दाताने दाबू नका. मुलांना तर त्याला हातही लावू देऊ नका. ब्रिटनने १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली, ती हंस मरत होते म्हणून. आपली पोरं हंसांपेक्षा कमी मोलाची नाहीत. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. तेंकारावाले तसे बिनकाट्याचे गळ आवडीने वापरतात. सोडून द्यायचा मासा त्याने कमी जखमी होतो, आणि तुमच्या बोटात घुसला तरी सरळ निघतो. उलटा काटा असलेला गळ रुतला तर ओढू नका. दोरी कापा, फडकं गुंडाळा आणि दवाखान्यात या. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर अशा घाणेरड्या जखमेनंतर पुन्हा घ्यावं लागतं. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल आणि जखमेभोवतीची लाली तासातासाला पसरत असेल, तर सकाळची वाट बघू नका. नदीच्या पाण्यातले काही जिवाणू फार वेगाने पसरतात.

पायाला भेग असेल तर गमबूट घालूनच पाण्यात उतरा. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच भेगांतून शिरतो. नदीवर जाऊन आल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत, कधी महिनाभरानेही, थंडी वाजून ताप येतो, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं जातात. पेशंट ताप सांगतो, अंगदुखी सांगतो, पण गळाला बसलो होतो हे सांगायला लाजतो. ताप आला की डॉक्टरांना तेच पहिल्या वाक्यात सांगा.