मराठा, मराठी की महाराष्ट्रीयन?

पुण्या-नागपुराहून चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांत रुजू झालेल्या मुलामुलींना एक इंग्रजी प्रश्न हमखास येतो : ‘आर यू महाराष्ट्रीयन?’ त्याला हो म्हणून सगळे मोकळे होतात. कोणी ‘मराठा?’ असं विचारलं, की मात्र गडबड होते. आपण मराठी असलो तरी मराठा असूच असं नाही, हे इंग्रजीत समजावता समजावता जेवणाची सुट्टी संपते. विचारणाऱ्याला जातीशी काही देणंघेणं नसतं. तमिळमध्ये ‘मराट्टियर’ म्हणजे मराठी माणूस. त्यात शिवाजी महाराज आले आणि रजनीकांतही आले.

माझ्या मते त्या सहकाऱ्याचं काही चुकत नाही. इंग्रजीतला जुना ‘महरट्टा’ फ्रेंच किंवा डच यांच्या पंगतीतला शब्द होता, एका अख्ख्या लोकसमूहाचं नाव. ग्रँट डफने १८२६ साली इतिहास लिहिला तो महरट्टांचा. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८१ साली ‘केसरी’च्या जोडीला इंग्रजी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘मराठा’. ते एका जातीचं पत्र आहे असं कोणाच्या मनातही आलं नसेल. पुढे जनगणनेतले जातींचे रकाने, ब्राह्मणेतर चळवळ, मग आरक्षणाचं राजकारण यांतून महाराष्ट्रात हा शब्द आक्रसला. चेन्नईत तो आक्रसला नाही, कारण तशी गरजच पडली नाही.

याचा पुरावा सरकारी आहे. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत ‘महरट्टा (ब्राह्मणेतर)’ अशी नोंद आहे आणि नामदेव महरट्टा, म्हणजे आपले नामदेव शिंपी, त्यातच धरलेले आहेत. ‘ब्राह्मणेतर मराठा’ असं कोल्हापुरात कोणी लिहिलं तर लोक हसतील. तमिळनाडूत मात्र तो कंस आवश्यक आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केलं. या काळात राजघराण्याबरोबर देशस्थ कारकून आले, शिंपी आले, आणि इंग्रजी दप्तराने सगळ्यांवर एकच शिक्का मारला. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर, बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव त्या इंग्रजीत ‘महरट्टा ब्राह्मण’ होते. (तीन संस्थानं सांभाळणाऱ्याला एक विशेषण सांभाळणं जड गेलं नसावं.)

आता हा जुना अर्थ महाराष्ट्रात परत आणा असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. माझी तक्रार त्याच्या जागी बसवलेल्या ‘महाराष्ट्रीयन’बद्दल आहे. हा शब्द राज्याच्या आधीचा, पण १ मे १९६० नंतर तो नकाशाला चिकटला. तंजावरकडची पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबं, बेळगावचे, इंदूरचे, बडोद्याचे लोक त्यात नीट बसत नाहीत. उलट सोलापुरात घरी तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर हा पक्का महाराष्ट्रीयन आहे, आणि त्याला तसं म्हणायलाच हवं. राहण्याची जागा आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच शब्द वापरला, की तंजावरचं घर बाहेर राहतं नाहीतर सोलापूरचं तरी.

तेव्हा राज्यातल्या रहिवाशाला महाराष्ट्रीयन म्हणा, भाषेच्या माणसाला इंग्रजीतही सरळ मराठी म्हणा. मराठी हे भाषेचं नाव आहे, माणसाचं कसं होईल, अशी शंका इंग्रजी वर्तमानपत्रांतले उपसंपादक काढतात. बंगाली, गुजराती, तमिळ ही नावं तेच उपसंपादक भाषेला आणि माणसाला दोघांनाही बिनदिक्कत लावतात.