पांगारा लावा, तरच चितारआळी टिकेल

2024 मध्ये सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंना आणि गंजिफाच्या पत्त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. माझ्यासारख्या सावंतवाडी तालुक्यातल्या बागायतदाराला त्याचा मनापासून आनंद झाला. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, लाकूड मिळत नाही. आणि आज या लाकडी वस्तू घडवणाऱ्या सावंतवाडीच्या चितारआळीची खरी अडचण लाकडाचीच आहे.

इथली लाकडी फळे कुणीही हातात घेऊन बघावीत. आंबा, केळे, सीताफळ, काजूचे बोंड, वांगे. लांबून बघणारा फसतो आणि हातात घेतल्यावर चकित होतो, कारण वजनच लागत नाही. हा हलकेपणा पांगाऱ्याच्या लाकडाचा. हे लाकूड मऊ, पटाशीखाली सहज कोरले जाणारे. मात्र ओले राहिले तर लगेच किडते, म्हणून आधी नीट वाळवावे लागते. मग कोरणे, कानशीने घासणे, अस्तर, पुन्हा घासणे आणि शेवटी रंग. पिवळ्यावर लाली कुठे विरत न्यायची, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला कळते. पांगारा मिळाला नाही की दुसरे लाकूड घ्यावे लागते. ते जड असते, कोरायला वेळ खाते, वस्तू महागते. शेजारी प्लास्टिकचे फळ स्वस्तात टांगलेले असते. गिऱ्हाईक कुठे वळणार?

पांगारा गेला कुठे? पूर्वी आमच्याकडे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने पांगारे असायचे. त्यांवर मिरीचे वेल चढवलेले. शिमग्याच्या सुमारास लाल फुलांवर साळुंक्यांची झुंबड उडायची. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या डोंगरउतारांवर काजू-आंबा उभा राहिला. त्या योजनेने आमच्या घरांत पैसा आला, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण ज्या झाडाला अनुदान नाही आणि बाजारभाव नाही, ते झाड बागेतून हळूहळू बाद झाले.

गंजिफाची गोष्ट आपल्याला वाट दाखवते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते. चिंचोक्याच्या खळीने कापड घट्ट करून त्यावर एकेक पत्ता हाताने रंगवायचा. ही कला बुडायच्या बेतात असताना सावंतवाडी राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच चित्रकारांना बसायला जागा दिली. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचे संग्रहालय करून चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे कुणीतरी जबाबदारी अंगावर घेतली, म्हणून कला वाचली. लाकडी खेळण्यांची जबाबदारी एका घराण्याला पेलणारी नाही. ती झाडे लावणाऱ्या साऱ्या जिल्ह्याची आहे.

पांगारा लावायला रोपही लागत नाही. मिरगाचा पाऊस पडला की मनगटाएवढी फांदी जमिनीत रोवायची. ती फुटते आणि झपाट्याने वाढते. त्यावर मिरी चढवली तर बागायतदाराला त्याचे उत्पन्न वेगळेच. सामाजिक वनीकरणाने रस्त्याकडेला पांगारा लावावा. ग्रामपंचायतींनी पडीक जागा त्यासाठी राखाव्यात. कारागिरांच्या संस्थेने लाकडाचा भाव आधीच जाहीर करावा, म्हणजे झाड तोडून सरपणात घालायची वेळ येणार नाही. दुकानदारांनी वस्तूवर कारागिराचे नाव आणि लाकडाची जात लिहावी. पर्यटकांनी ते वाचून, घासाघीस न करता, किंमत मोजावी.

माझ्या बागायतदार बंधू-भगिनींना एकच विनंती. येत्या मिरगाला काजूच्या कलमांबरोबर गडग्याला चार पांगारे रोवा. खर्च शून्य आहे, आणि चितारआळीतल्या पुढच्या पिढीला त्याखेरीज दुसरा आधार नाही.